दोर सैल पडल्यानंतर

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, आमच्या दैनिकाच्या पुरवणीत ‘खालचं पाणी’ या क्रमशः कादंबरीचा शेवटचा भाग छापून आला. त्याच्या अखेरच्या अकरा ओळी पानावर आल्या नाहीत. त्या अकरा ओळींमध्ये कादंबरीची नायिका जिवंत बाहेर येत होती.

लेखिका डॉ. सुजाता मगरे. शासनाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त. मूळ गाव करमाड, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर. लग्न केलेले नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी भयकथा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या प्रत्येक भयकथेची नायिका शास्त्रज्ञ होती. एक माती तपासणारी, एक शवविच्छेदन करणारी, एक सापाच्या विषावर काम करणारी. जागा जुन्या असत: ओस पडलेली सराई, गुंबद, हमामखाना, बारव. भूत खरे असे. बाई कामावर असे. या दोन अटी त्यांनी कधी मोडल्या नाहीत.

पुरवणीचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे त्यांचा मजकूर माझ्या टेबलावरून जात असे. तो त्या स्वतः आणून देत. ई-मेल येत नव्हता असे नाही. मजकूर दिला आणि समोरच्याने घेतला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कार्यालयात आल्या की आधी बेसिनकडे जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग बसायच्या. आमच्या कूलरचे पाणी त्यांनी कधी घेतले नाही. एकदा शिपायाला विचारले, “हा धुतला कधी?” त्याने वर छताकडे पाहिले. पुढच्या खेपेला त्या निर्जंतुक केलेली बाटली घेऊन आल्या, कूलरचा नमुना घेतला आणि आठवड्याने फोनवर निष्कर्ष सांगितला: “तुमचा कूलर माझ्या पुढच्या कथेत घेते. बाकी काही करावं लागणार नाही, आहे तसा चालंल.” त्या दिवसापासून कूलर धुतला जाऊ लागला.

उंचीने कमी, आवाज जाड, केस बारीक कापलेले. उन्हात पांढरा रुमाल डोक्याला बांधायच्या. गावाकडचे कुणी भेटले की बोलणे करमाडचे होई, रिक्षावाल्याशी दखनी, सभेत पुस्तकी. घरातल्या प्रत्येक डब्यावर तो उघडल्याची तारीख चिकटवलेली असे; हळदीच्याही. कुणी काही ऐकीव सांगू लागले की त्यांचा प्रश्न ठरलेला होता: “नमुना घेतला का?” शेजारच्या वैद्यकाकू, वय सत्तरीच्या पुढे, यजमान पूर्वी तहसील कचेरीत, यांच्याशी त्यांचे कुंपणाच्या भिंतीवरून रोजचे बोलणे होते. गल्लीतल्या एका सुनेबद्दल काकूंनी काही सांगितले आणि मगरे मॅडमनी नेहमीचे विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, सुनेचा नमुना कसा घेऊ?” “मग मतही घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या.

भुते कधीपासून, हे त्यांनी एकदाच सांगितले. आमचा सहकारी इर्शाद याने विचारले म्हणून. इर्शाद आधी वृत्त विभागात आणि नंतर पुरवणीत पाने लावायचा, म्हणजे मजकूर आणि जाहिराती संगणकावर पानात बसवायचा. तो त्यांना कथेतल्या शंका विचारत असे आणि त्याला त्या उत्तरे देत.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांना सिल्लोडकडच्या एका गावी विहिरीच्या पाण्याचा नमुना आणायला पाठवले होते. गावात बायका आजारी पडत होत्या. विहिरीत हडळ आहे असे गाव म्हणत होते. बरोबर आलेला परिचर काठावरूनच मागे फिरला. पाणी खोल गेलेले, वरून बाटली सोडली तर ती कपारीत अडकत होती. मगरे स्वतः उतरायला निघाल्या तेव्हा सरपंच आडवे आले.

“बाईमाणसानं उतरायचं नाय हितं.”

“मग हडळीला सांगा, बाटली भरून वर दे म्हणावं,” मगरे म्हणाल्या.

लोक हसले नाहीत. पण कुणी तरी दोर आणला. त्या उतरल्या, नमुना घेतला, वर आल्या. पाण्यात मैला मिसळत असल्याचे तपासणीत आढळले, विहीर बंद झाली. वर आल्यावर एका म्हातारीने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारले होते, “दिसली का गं ती?”

“मग? तुम्ही काय सांगितलं?” इर्शादने विचारले.

“म्हटलं, अंधार होता आजी, नीट दिसली नाय. आजारी होती बहुतेक.”

“सच्ची मॅडम? काही दिसलं होतं का?”

“माझ्याकडं एकच बाटली होती,” त्या म्हणाल्या. “एका नमुन्यावर मी बोलत नसते.”

या उत्तरावर दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर नाराज असत. विहारातले एक ज्येष्ठ, गायकवाडकाका, त्यांना वडिलांच्या जागी होते. ते म्हणाले, “ताई, आपण भुताखेतातून बाहेर पडलेली माणसं. आपल्या पोरींनी तुझ्याकडं बघून सायन्सला नाव घातलं. आणि तू भुतं लिहिती?” मॅडम म्हणाल्या, “बाहेर पडले म्हणूनच आत जाऊन बघता येतं, काका. जे आतच आहेत त्यांना काय दिसणार?” काका पुरवणी वाचत राहिले आणि नाराजही राहिले. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावले आणि प्रश्नोत्तरांत एका तरुणाने जाब विचारला की कथेच्या शेवटी भूत खोटे का ठरत नाही. त्यांचे उत्तर कार्यक्रमाच्या बातमीत आले होते: “भूत खोटं ठरलं की बाईची भीतीही खोटी ठरते. मग ती उतरली यात विशेष काय राहिलं?” दुसऱ्या बाजूने फोन येत. नायिकेने संकटात निदान देवाचे नाव घ्यावे, अशी एका वाचकाची विनंती होती. “घरी घेत असेल,” मॅडम म्हणाल्या, “आत्ता ती ड्यूटीवर आहे.”

‘खालचं पाणी’ ही त्यांची एकमेव कादंबरी. नायिका डॉ. वत्सला सोनवणे, पाणी तपासणारी. डोंगराकडून शहरात येणाऱ्या एका जुन्या भुयारी नहरीचे पाणी तिच्याकडे येते. त्यात एकही जंतू सापडत नाही. जमिनीखालचे पाणी इतके निर्जीव नसते. खाली काहीतरी आहे आणि ते पाण्यातला जीव पिऊन घेत आहे. पुढे कळते की नहरीवरच्या सराईच्या मालकिणीला कधीकाळी त्या भुयारात जिवंत चिणले होते. ती तिथेच आहे आणि तिची तहान भागलेली नाही. शेवटच्या भागात वत्सला कमरेला दोर बांधून एकटी उतरते. वर सहकाऱ्याच्या हातात दोर. दिवा विझतो. पाण्यातून एक हात तिच्या मनगटावर येतो. वर दोर ताणला जातो, थरथरतो.

“दोर सैल पडला.”

इथे छापील कादंबरी संपली.

झाले ते असे. इर्शाद त्याच आठवड्यात वृत्त विभागातून पुरवणीकडे आला होता. पान लागल्यावर साड्यांच्या दुकानाची जाहिरात वाढली. वृत्त विभागात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, कारण बातमीत महत्त्वाचे सगळे वर लिहिलेले असते आणि खाली तपशील उरतो. इर्शादने वर्षानुवर्षे हेच केले होते. त्याने कादंबरीही खालून कापली.

रविवारी दिवसभर फोन आले. पुरवणीला इतके फोन पूर्वी आले नव्हते. शेवट अंगावर आला, असे बहुतेक जण सांगत होते. पुंडलिकनगरात त्या सकाळी भिंतीवरून झालेले संभाषण वैद्यकाकूंनी नंतर मला सांगितले.

“मगरे, मारलीत का हो तिला?”

“नाही मारली.”

“पेपरात मेलीय.”

“पेपर चुकलाय.”

“मग ठीक,” काकू म्हणाल्या, “मी चहासुद्धा घेतला नव्हता.”

सोमवारी मॅडम कार्यालयात आल्या. हात धुतले. उभ्यानेच विचारले, “ओळी कुणी कापल्या?”

इर्शाद जागेवरून उठला. “मैंने, मॅडम. जाहिरात लेट आली. खालून कापतात.”

“खालून का?”

“महत्त्वाचं वर असतं ना. बातमीत.”

“आणि माझी बाई खाली होती,” मॅडम म्हणाल्या. त्याच्यावर त्या रागावल्या नाहीत. त्याला शेजारी बसवून बातमी कशी रचतात हे नीट समजून घेतले, दोन शंका विचारल्या आणि मग संपादकांच्या खोलीत गेल्या.

संपादकांचे म्हणणे होते की शेवट गाजतो आहे, तो तसाच राहू द्यावा. “झालं ते चुकून झालं, पण झालं उत्तम. अहो, तुम्हालाही सुचला नसता असा शेवट आहे.”

“सुचला होता. सगळ्यांना तोच सुचतो. म्हणून तर मी लिहिला नाही.”

“मॅडम, शेवटी कथेतली बाई आहे ती.”

“कथेतलीच तेवढी माझ्या हातात होती,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी त्या ओळी छापा. त्याच जागी, त्याच अक्षरात.”

कादंबरीला दुरुस्ती छापायची पद्धत नाही, असे संपादकांनी सांगितले. मॅडम दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन स्वागतकक्षात बसल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगत: “यांनी माझ्या एका सहकारी बाईला मेलेली दाखवलंय. दुरुस्तीसाठी बसलेय.” जाहिरात द्यायला आलेले दोन गृहस्थ हे ऐकून चौकशीला संपादकांकडे गेले. तेव्हा इर्शादने मार्ग काढला. जिवंत माणसाच्या मृत्यूची बातमी चुकून छापली गेली तर आतल्या पानावर दोन वाक्यांची दुरुस्ती देण्याची पद्धत होती. त्याच नमुन्यात त्याने मजकूर तयार केला आणि संपादकांनी तो मान्य केला. गुरुवारी पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाखाली तो आला:

“‘खालचं पाणी’ या कादंबरीच्या शेवटच्या भागातून डॉ. वत्सला सोनवणे यांचा मृत्यू झाल्याचा समज होतो. डॉ. सोनवणे सुखरूप आहेत.”

ही दुरुस्ती फार थोड्यांनी वाचली. त्या अकरा ओळी छापल्या गेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी कादंबरीला एका साहित्य संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला. पुस्तक अजून निघालेले नव्हते. क्रमशः लेखनासाठीचा पुरस्कार होता. समारंभ शहरातच झाला. मागच्या रांगांत प्रयोगशाळेतल्या निवृत्त बायका डबे घेऊन बसल्या होत्या, कारण मॅडमनी त्यांना कार्यक्रम लांबेल असे बजावले होते. पुढच्या रांगेत गायकवाडकाका होते. व्यासपीठावर पुण्याचे एक प्रकाशक होते. त्यांनी पुस्तक काढण्याची तयारी आधीच कळवली होती, शेवट छापील ठेवण्याच्या अटीवर. मॅडमना त्या वेळी मूत्रपिंडाचा आजार निघाला होता. पुस्तक डोळ्यांनी पाहायचे आहे, हे त्या कुणापासून लपवत नव्हत्या.

मानपत्र वाचले गेले. त्यात असे वाक्य होते की नायिकेच्या करुण अंतातून विज्ञानाचा अहंकार अज्ञातापुढे नतमस्तक होतो. मॅडम ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

“मानपत्रात वस्तुस्थितीची एक चूक आहे,” त्या म्हणाल्या. “ती मेलेली नाही.”

आणि त्यांनी पिशवीतून कागद काढून वाचले:

“तेवढ्यात भुयाराच्या पलीकडच्या तोंडातून वत्सलेचा आवाज आला. पायऱ्या तिकडे निघाल्या होत्या. दोर तिनेच सोडला होता. ती गळ्यापर्यंत भिजलेली होती. बाटली भरलेली होती. तिने बुचावर चिकटपट्टी लावली, जागा आणि वेळ लिहिली आणि मग मागे वळून पाहिले. ती बाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. ‘एका नमुन्यावर काही सांगता येत नाही,’ वत्सला तिला म्हणाली. ‘उद्या येते.’”

अध्यक्ष जाणते समीक्षक होते. त्यांनी सौम्यपणे सांगितले की कलेच्या दृष्टीने दोराचा शेवटच श्रेष्ठ आहे.

“कलेच्या दृष्टीनं बायका फार मरतात, सर,” मॅडम म्हणाल्या.

मागच्या रांगा हसल्या. अध्यक्षही हसले. मॅडम हसल्या नाहीत.

“मी नोकरीभर असल्या जागी उतरले. या मागं बसलेल्या सगळ्या उतरल्यात. दर वेळी वर आलो. वर येणं रोजचं असतं, म्हणून ते कुणी लिहीत नाही. मी लिहिलं होतं. ते कापलं गेलं, आणि कापलेल्याला तुम्ही बक्षीस देताय. हे मला घेता येणार नाही.”

शाल आणि स्मृतिचिन्ह त्यांनी टेबलावर ठेवले. नारळ घेतला. तो स्वयंपाकात लागतो, असे कारण त्यांनी नंतर वैद्यकाकूंना दिले. सभागृहातून बाहेर पडताना गायकवाडकाका त्यांच्या मागोमाग उठले. दाराशी त्यांनी विचारले, “उद्या परत जाती ती खाली?” मॅडम म्हणाल्या, “जाते की.” काका म्हणाले, “मग चांगला टॉर्च दे तिला.”

पुण्याचे प्रकाशक मागे हटले. दुसऱ्या एकाने तडजोड सुचवली: शेवट दोराचाच ठेवू आणि अकरा ओळी परिशिष्टात देऊ. “परिशिष्टात जगायचं का तिनं?” मॅडमनी फोनवर विचारले आणि ठेवून दिला. दरम्यान डायलिसिस सुरू झाले, दिवसाआड. पहिल्या दिवशी त्यांनी तंत्रज्ञाला यंत्राच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागितला, उभ्या राहून वाचला आणि मगच खाटेवर पडल्या. अहवाल व्यवस्थित होता, असे त्यांनी सगळ्यांना आवर्जून सांगितले.

इर्शादने तोवर दैनिक सोडून रोशन गेटजवळ अक्षरजुळणीचे छोटे दुकान काढले होते. एका दुपारी मॅडम तिथे गेल्या.

“इर्शाद, मजकूर वरून कधी कापतात?”

“वरून? नाय मॅडम. वरून कोई नहीं काटता.”

“मग त्या ओळी वर घे. पहिल्या पानावर. एकट्या.”

इर्शादने पडद्यावर पहिले पान उघडले. “मतलब, पहिल्याच पानाला कळणार की ती वाचली?”

“हो.”

“मग नंतर डर कैसा लगेगा?”

“लागंल,” त्या म्हणाल्या. “उतरताना मला माहीत असायचं की मी वर येणार आहे. तरी पाय कापायचे.”

शहरातल्याच एका लहान प्रकाशकाने या रचनेला होकार दिला. पुस्तकाचा शेवट त्याला हवा तोच होता, दोर सैल पडण्याचा. सुरुवातीच्या पानाबद्दल त्याची तक्रार नव्हती.

मॅडमना मी शेवटचे पाहिले ते जानेवारीत, इर्शादच्या दुकानात. पुस्तक छपाईला जायचे होते. डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी होती, म्हणून हात त्यांना नीट धुता आले नव्हते आणि त्यावरून त्या कुरकुरत होत्या. इर्शादने सगळी पाने समोर ठेवली. त्यांनी फक्त पहिले घेतले. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग पेन मागून एक शब्द खोडला. “उद्या येते” होते, तिथे “परवा येते” केले.

“परवा का?” इर्शादने विचारले.

“उद्या डायलिसिस आहे.”

त्यांनी पान त्याच्या हातात दिले, तो बदल पडद्यावर करतो आहे हे उभे राहून पाहिले आणि रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याशी भाड्यावरून नव्हे, तर त्याच्या पिण्याच्या बाटलीवरून काही बोलणे झाले. बाटलीचे बूच उघडून त्यांनी वास घेतला, ती परत दिली आणि मग आत बसल्या.

पुस्तक फेब्रुवारीत आले. पहिली प्रत त्यांनी भिंतीवरून वैद्यकाकूंना दिली. मार्चमध्ये, डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळी, राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

पहिली आवृत्ती संपली. दुसरी काढताना प्रकाशकाने करमाडला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला फोन केला. वाचकांच्या मते पहिल्या पानामुळे उत्कंठा कमी होते, आता ते वगळावे का, असा प्रश्न होता. भाचा शेतकी खात्यात आहे, कमी बोलतो. तो म्हणाला, “मावशीनं सांगून ठेवलंय. पान काढलं तर ती स्वतः येईल.”

प्रकाशक हसले. भाचा हसला नाही, असे प्रकाशकांनीच मला सांगितले.

दुसरी आवृत्ती गेल्या महिन्यात बाजारात आली. मुखपृष्ठ बदलले आहे. पहिले पान तेच आहे.